घेवडा, मटकी, हुलगा : बिनसोड्याची कडधान्ये शिजवण्याच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

घेवड्याची आमटी, हुलग्याची उसळ आणि मटकीची मिसळ हे आमच्या घरातले नेमाचे पदार्थ आहेत, आणि घेवडा शिजत टाकला की चिमूटभर खाण्याचा सोडा पातेल्यात पडणार हेही तितकेच ठरलेले आहे. सोड्याने दाणा लवकर मऊ होतो हे खरे. परंतु आमटीला साबणासारखी चव येते, साल सुटून रश्शावर तरंगू लागते, दाण्याचा लगदा होतो, आणि कडधान्यातले ‘ब-१’ जीवनसत्त्व अल्कधर्मी पाण्यात शिजताना बरेचसे नष्ट होते. म्हणून हिवाळ्यात एकेक कडधान्य स्वतंत्रपणे हाती घ्यायचे, भिजवण्याचा काळ, पाणी, मीठ, आच आणि लागलेला वेळ यांची नोंद ठेवायची, आणि त्यावरून फडताळाच्या दाराला आतून चिकटवता येईल असा घरापुरता तक्ता करायचा, असे ठरवले आहे.

सासूबाईंना हे फारसे पटलेले नाही. “दाणा जुना झाला की वाईच सोडा लागतोयच. तुझा काटा काय करणार त्याला?” असे त्यांचे म्हणणे आहे. त्या गेली कित्येक वर्षे पंक्तीच्या पंक्ती जेवू घालत आल्या आहेत, तेव्हा हा आक्षेप बाजूला न सारता प्रकल्पातला पहिला प्रश्न म्हणून तोच लिहून ठेवला.

साहित्यात विशेष काही नाही : ग्रॅममध्ये मोजणारा काटा, जाड बुडाचे पातेले, पाच लिटरचा कुकर आणि चाशनीसाठी घेतलेला तापमापक. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी पूर्ण १०० अंशांना न उकळता सुमारे ९८ अंशांनाच उकळते. फरक किरकोळ आहे, पण उघड्या पातेल्यात शिजवण्याच्या वेळा किनारपट्टीवरच्या वेळांहून थोड्या जास्त येणार, हे गृहीत धरले आहे.

११ नोव्हेंबर

लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारातून नवा घेवडा आणला. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा मुद्दाम मागून घेतला. बदामी दाण्यावर तांबूस रेघा असलेल्या या वाणाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. खरीप घेवडा नुकताच निघून बाजारात येत असल्याने नवा-जुना माल शेजारी ठेवून पाहण्यासाठी हाच महिना योग्य आहे. दुकानदाराने पोत्यात हात घालून दाणे वर काढले आणि म्हणाले, “वैनी, ह्यो यंदाचा हाय. दातानं फोडून बघा, लगीच कळतंय.” नवा दाणा दाताखाली किंचित दबून मग फुटतो, जुना मात्र काचेसारखा कडकन तुटतो. रंगातही फरक दिसतो. जुन्या दाण्याची बदामी छटा गडद होऊन तपकिरीकडे झुकलेली असते आणि रेघा तितक्या उठून दिसत नाहीत.

घरात मागच्या हंगामाचा दोनेक किलो घेवडा शिल्लक आहे. तो पत्र्याच्या डब्यात, स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर, पूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरचा पूर्ण पावसाळा काढून बसला आहे. तुलनेसाठी याहून चांगला नमुना मिळणार नाही.

१२ नोव्हेंबर

नव्या आणि जुन्या घेवड्याचे प्रत्येकी २५० ग्रॅम दाणे निवडून, सुपात पाखडून, दोन वेळा धुऊन रात्री भिजत घातले. पाणी दाण्यांच्या चौपट घेतले, कारण कडधान्य आपल्या वजनाइतके पाणी सहज पिते आणि वर उघडे पडलेले दाणे कोरडेच राहतात.

भिजणारा घेवडा जवळून पाहण्यासारखा असतो. पाणी सालीतून सगळीकडून सारखे आत जात नाही. शेंगेला दाणा जिथे चिकटलेला असतो, त्या पांढऱ्या डोळ्याजवळून आधी शिरते. त्यामुळे पहिल्या तासाभरात डोळ्याच्या कडेची साल सुरकुतते, ती सुरकुती पाठीकडे सरकत जाते, आणि साल फुगून आतला गर मात्र अजून लहानच असल्याने दाणा काही काळ ढगळ अंगरखा घातल्यासारखा दिसतो. गर भरत आला की सुरकुत्या आतून ताणल्या जाऊन नाहीशा होतात. सगळे दाणे पुन्हा गुळगुळीत दिसले की भिजणे पूर्ण झाले, ही घड्याळापेक्षा खात्रीची खूण आहे.

सकाळी उपसून वजन केले तेव्हा नवा घेवडा ५२० ग्रॅम आणि जुना ४८५ ग्रॅम भरला. जुन्यातले बरेच दाणे अजून सुरकुतलेले होते आणि काही तर जसेच्या तसे तळाशी राहिले होते. दुसरीकडे, ज्या दिवशी भिजवायचे विसरले जाते त्या दिवसासाठीचा मार्गही आज तपासला : दाणे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळू देऊन, झाकण ठेवून तासभर तसेच ठेवले. नवा घेवडा यानेही पुरेसा भिजतो, फक्त सालीला थोड्या जास्त चिरा पडतात.

१३ नोव्हेंबर

दोन्ही नमुने नळाच्या पाण्यात, काही न घालता, उघड्या पातेल्यात मंद उकळीवर शिजवले. नवा घेवडा ६५ मिनिटांत झाला. जुना दोन तासांनंतरही मधोमध पिठूळ-कडकच होता. बाहेरून साल फाटलेली, पाणी गढूळ, आणि दाताखाली मात्र कच.

याचे कारण आचेत सापडत नाही, ते दाण्याच्या साठवणुकीत आहे. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात आणि शिजणे म्हणजे मुख्यतः ते पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणे. उष्ण आणि दमट हवेत कडधान्य महिनोन्‌महिने राहिले, की दाण्यातल्या फायटेट या घटकाचे हळूहळू विघटन होते, त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होते आणि ते जाऊन पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींत गुंतवून टाकते. असे घट्ट झालेले पेक्टिन गरम पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. आमच्या डब्याने एप्रिल-मेची उष्णता आणि जुलैचा कोल्हापुरी पाऊस या दोन्ही गोष्टी सोसल्या आहेत, शिवाय खालून गॅसची वाफ मिळत राहिली ती वेगळीच.

दाणा शिजला की नाही हे ठरवताना एकच दाणा चेपून पाहणे पुरेसे नाही, असेही आज ठरले. पातेल्याच्या वेगवेगळ्या भागांतले पाच दाणे घ्यायचे, आणि पाचही जिभेने टाळूवर दाबून विरले तरच गॅस बंद करायचा.

१७ नोव्हेंबर

पाण्याचा प्रयोग. आमच्या इमारतीत पिण्यासाठी महापालिकेचे नळाचे पाणी येते आणि वापरायला बोअरचे. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, त्यावरून ते जड असल्याचा अंदाज होताच. तरी दोन झाकणबंद बाटल्यांत दोन्ही पाणी समान घेऊन साबणाचे सारखेच तुकडे टाकून हलवून पाहिले. नळाच्या पाण्याने बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस आणला, बोअरच्या पाण्यावर पांढरट साका तरंगत राहिला.

जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे जुन्या दाण्याच्या आत जे घडते तेच बाहेरून घडवणारी सामग्री. अपेक्षेप्रमाणे नवा घेवडा बोअरच्या पाण्यात भिजवून शिजवला तेव्हा ६५ ऐवजी ९० मिनिटे लागली आणि साल चिवट राहिली. भिजवण्याला बोअरचे आणि शिजवण्याला नळाचे, अशी काटकसर अनेक घरांत होते. परंतु दाणा जे पाणी पितो ते भिजतानाच पितो, त्यामुळे चांगले पाणी दोन्ही वेळा लागते. नळाला पाणी नसलेल्या दिवशी घेवडा न करता मसूर करावा.

२१ नोव्हेंबर

आजची नोंद मिठाची, आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी. शिजण्याआधी मीठ पडले तर दाणा दडदडीत राहतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि बहुतेक घरांत आजही मीठ शेवटीच पडते. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातले तर उलटा परिणाम होतो. मिठातले सोडियम सालीतल्या पेक्टिनमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेते, पेक्टिनची वीण सैल होते, आणि साल मऊ पडून गराबरोबर फुगते. ती फाटत नाही.

एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचाभर मीठ घेऊन नवा घेवडा रात्रभर भिजवला, सकाळी ते पाणी ओतून दिले आणि दाणे धुऊन साध्या पाण्यात शिजवले. ५० मिनिटांत काम झाले. वेळेपेक्षाही दाण्याचे रूप पाहण्यासारखे होते : एकही साल सुटली नव्हती, आणि तरी दाणा तोंडात लोण्यासारखा विरत होता. मीठ आतपर्यंत पोचल्याने आमटीतला दाणा अळणी लागत नाही, हा आणखी एक लाभ. आमटीत घालायचे मीठ त्या मानाने कमी करावे लागते.

जुन्या घेवड्याला मात्र मीठ एकटे पुरले नाही. तेव्हा सासूबाईंचा सोडा आणला, पण जागा बदलली. शिजताना पातेल्यात न घालता, २५० ग्रॅम दाण्यांच्या भिजवण्याच्या पाण्यात पाव छोटा चमचा सोडा आणि नेहमीचे मीठ घातले, सकाळी पाणी टाकून दाणे तीनदा चोळून धुतले. साबणाची चव अजिबात आली नाही आणि जुना घेवडा कुकरशिवाय दीड तासात खाण्याजोगा झाला. सासूबाईंनी दाणा चेपून पाहिला आणि “म्हंजे सोडा लागलाच की” एवढेच म्हणाल्या. तक्त्यात ‘जुना घेवडा’ या ओळीत सोडा राहील, बाकी कोठेही नाही.

२५ नोव्हेंबर

कुकर. वाफेचा दाब पूर्ण बसला की आतले तापमान साधारण १२० अंशांच्या घरात जाते, म्हणून पातेल्यातला तास येथे मिनिटांवर येतो. शिट्ट्या मोजण्याची आपली पद्धत कडधान्यासाठी कामाची नाही. आच मोठी असेल तर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि मंद असेल तर त्यांनाच पंधरा लागतात. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करायची आणि तेथून घड्याळ लावायचे, हे बरे. मिठात भिजलेला नवा घेवडा १२ मिनिटांत, मीठ-सोड्यात भिजलेला जुना घेवडा २५ मिनिटांत झाला.

कुकर निम्म्याहून जास्त भरू नये. कडधान्याचा फेस वर चढून वाफेची नळी तुंबवतो. चमचाभर तेल घातले तर फेस कमी येतो. वेळ झाल्यावर कुकर नळाखाली धरून दाब उतरवला तर आतले पाणी एकदम उसळते आणि दाणे फुटतात, म्हणून आपोआप निवू द्यावा.

येथे एक धोक्याची बाब नोंदवणे आवश्यक आहे. घेवडा आणि राजमा एकाच जातीचे कडधान्य असून त्यांच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असते. तांबड्या राजम्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. खळखळत्या उकळीवर किमान १० मिनिटे, सावधगिरी म्हणून ३० मिनिटे शिजवल्यास ते निकामी होते. परंतु ८० अंशांखाली तासन्‌तास ठेवल्यास ते टिकून राहते, किंबहुना वाढलेलेही आढळते. पुण्याच्या भाचीने तिच्या मंद आचेच्या विजेच्या भांड्यात घेवडा रात्रभर ठेवण्याचे सुचवले होते. तिला कळवले, की आधी पातेल्यात अर्धा तास खळखळून उकळव आणि मगच त्या भांड्यात घाल. भिजवलेले पाणी टाकून देण्याचेही हेच एक कारण आहे. दुसरे कारण पोटातल्या वाऱ्याचे : रॅफिनोजसारख्या ज्या शर्करा आपल्याला पचत नाहीत आणि आतड्यातल्या जिवाणूंना मिळतात, त्यांचा काही भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो.

३० नोव्हेंबर

आंबट आणि गूळ. मिठात भिजवलेल्या नव्या घेवड्याचे तीन सारखे वाटे केले. एक साधा, एकात सुरुवातीलाच चिंचेचा कोळ, एकात सुरुवातीलाच गूळ. साधा वाटा ५० मिनिटांत झाला तेव्हा चिंचेतला दाणा चामड्यासारखा होता आणि गुळातला या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी. आम्लात पेक्टिन विरघळत नाही, त्यामुळे चिंच, आमसूल, टोमॅटो या तिघांनाही एकच नियम लागू. गुळाचा परिणाम मला अधिक लक्षात ठेवण्याजोगा वाटला, कारण आपल्याकडे आमटीत गुळाचा खडा हाताला येईल तेव्हा पडतो. गुळात साखर असते तसे कॅल्शियमही असते, आणि दोन्हीही दाण्याला शिजू देत नाहीत.

याच गुणाचा फायदाही घेता येतो. दाणा पूर्ण शिजल्यावर चिंच-गूळ घातला तर तो त्या अवस्थेत थांबतो. नंतर आमटी दोन-तीन वेळा उकळली तरी तिचा लगदा होत नाही. पाहुणे टप्प्याटप्प्याने जेवायला बसणार असतील तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

८ डिसेंबर

मटकी. मिसळीला मोड आलेली मटकीच लागते आणि कोल्हापुरात याविषयी दुसरे मत ऐकायला मिळत नाही. सकाळी भिजवून रात्री उपसून पंचात बांधली. उन्हाळ्यात अशी मटकी सकाळपर्यंत बोटाच्या पेरभर मोड काढते. डिसेंबरच्या थंडीत तिने दीड दिवस घेतला, तोही पुरचुंडी चाळणीत ठेवून, वर ताट झाकून, कणकेच्या डब्याशेजारी घोंगडीत गुंडाळल्यावर. पुरचुंडी घट्ट आवळू नये, कारण दाण्यांना हवा लागते; आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडून निथळू द्यावी, नाहीतर बुडाचे दाणे चिकट होऊन आंबूस वास सुटतो.

मटकीची खरी डोकेदुखी म्हणजे गणंग. हे दाणे जुन्या घेवड्यासारखे भिजून कडक राहणारे नसतात. फार वाळल्याने त्यांची साल पाण्याला आत शिरूच देत नाही. ते मूळ आकाराचेच राहतात आणि उसळीत खड्यासारखे दाताखाली येतात. कितीही शिजवून उपयोग नाही, वेचूनच काढावे लागतात. मोड आल्यावर मटकी परातीत पसरून परात तिरकी धरून हलवली, की फुगलेली मटकी मोडांनी एकमेकींत अडकून जागेवर राहते आणि गणंग घरंगळत कडेला जमतात. सासूबाईंचा हात यात इतका बसलेला आहे, की माझी निवड होईपर्यंत त्यांची परात रिकामी झालेली असते.

मोड आलेल्या मटकीला कुकर दाखवू नये. फोडणीत कांदा परतून, मटकी घालून, बुडेल इतके गरम पाणी आणि झाकण. १२ ते १५ मिनिटे पुरतात. कट वेगळा करून वरून ओतायचा असल्याने दाणा अख्खा राहणे महत्त्वाचे आहे.

१६ डिसेंबर

हुलगा सर्वांत कणखर. मिठाच्या पाण्यात रात्रभर आणि वर सकाळचे दोन तास भिजवला, कुकरमध्ये बारीक आचेवर २५ मिनिटे ठेवला. शिजवलेले पाणी मात्र टाकले नाही. लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन त्याचे कढण केले. या पाण्याच्या चवीसाठी हुलग्याला सोडा कधीच लावू नये, ते बेचव तर होतेच आणि रंगही काळपट पडतो. डब्याच्या तळाचा अगदी जुना हुलगा शिजवण्याच्या नादी न लागता खमंग भाजून दळून आणला. माडगे आणि शेंगोळ्यांना त्या पिठाचा उपयोग होईल. जुन्या घेवड्याचे पीठ करण्याचा विचार आला होता, तो लेक्टिनमुळे सोडून दिला, कारण नुसत्या भाजण्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

२२ डिसेंबर

अख्खा मसूर. सांगली-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा. तासभर भिजवला, उघड्या पातेल्यात २५ मिनिटांत शिजला. बोअरच्या पाण्यातही फार अडून बसला नाही. नोंदवण्यासारखे दुसरे काही नाही.

५ जानेवारी

साठवण. वर्षभराचा घेवडा एकदम भरून ठेवण्याची पद्धत आम्ही आता सोडत आहोत, कारण जूननंतर कोल्हापूरच्या हवेत तो डब्यात बसून बिघडणारच. जूनच्या सुरुवातीपर्यंत पुरेल इतकाच घ्यायचा. यंदाचा पाच किलो घेवडा दोन दिवस कडक उन्हात वाळवला, सावलीत पूर्ण निवू दिला आणि किलो-किलोच्या पिशव्या करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला. भुंगेऱ्याची अंडी पुष्कळदा शेतातल्या शेंगेवरूनच घरी येतात आणि अशा थंडीत अंडी व अळ्या दोन्ही मरतात. पिशव्या बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायच्या नाहीत, नाहीतर दाण्यांवर दव जमून सगळी वाळवणी फुकट जाते. डबा गॅसवरच्या फळीवरून काढून देवघराच्या बाजूच्या थंड, अंधाऱ्या कोनाड्यात नेला, आणि झाकणावर घेवडा कोणत्या हंगामाचा आहे ते लिहून ठेवले.

तक्ता फडताळाच्या दाराला लावला आहे. जुन्या घेवड्यातला उरलेला किलोभर मीठ-सोड्याच्या पाण्यात भिजवून महिनाअखेरपर्यंत संपवायचा आहे. पावट्याची ओळ अजून रिकामी आहे; यंदाचा वाळका पावटा लक्ष्मीपुरीत आला की तीही भरता येईल.